बंडीत चौघांची जागा

मोहटोलीचे यादोराव कापगते तीन वर्षं एक महिना खाली बसले नव्हते. हे ज्याला खोटं वाटेल त्याने साकोलीच्या एस.टी. स्टँडवर जाऊन कोणत्याही जुन्या कंडक्टरला विचारावं. सगळी गाडी रिकामी असताना वरचा दांडा धरून भंडाऱ्यापर्यंत उभा जाणारा माणूस त्या रस्त्यावर एकच होता, आणि तिकीट तो पूर्ण काढत असे.

झोपायचे मात्र ते आडवेच. आडवं होण्याला त्यांची हरकत नव्हती. पण उभा माणूस आडवा होताना आणि आडवा माणूस उभा होताना मध्ये कुठेतरी बसतोच, ही अडचण पहिल्याच दिवशी ध्यानात आली. म्हणून त्यांनी खाटेवरच्या आढ्याला दोर बांधला. पहाटे तो दोर धरला की ते बांबूसारखे, कुठेही न वाकता, थेट उभे होत. सकाळी तलावाच्या पाळीकडे जाऊन उकिडवं बसायचं की नाही, यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी साकोलीच्या भय्याजी वकिलांनी तोंडी निकाल दिला, की ज्यात बूड टेकत नाही ते बसणं नव्हे. तेवढा एक विधी यादोराव निर्धास्त मनाने उरकत.

बाकी सारा दिवस त्यांच्या पायांना चैन नसे. जेवण उभ्याने, पेपर उभ्याने, आणि उभं राहून कंटाळा आला की येरझाऱ्या. अंगणात त्यांच्या येरझाऱ्यांनी असा पाट पडला, की पावसाळ्यात त्यातून शेजारच्या मंगलाबाईच्या परसात पाणी जाई. त्या पाण्यावर आपण दोन वर्षं वाफाभर धान काढलं, असं मंगलाबाई सांगत, आणि त्या बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"एकोनीस दिवस राहिले," देवकाबाई एका सकाळी चुलीपासून म्हणाल्या. "पोरीच्या कन्यादानाले कोन बसन, थे सांगा."

"मी," यादोराव उंबऱ्याशी वळता वळता म्हणाले.

"बसन, म्हन्लं मी. जोशीबुवाले इचारून आली. उभ्यानं कन्यादान होत नाही म्हन्ते."

यादोराव पुन्हा वळले.

"ताराचंदभाऊजी म्हनत होते, दादाले जमत नसन त मी बसतो. नवं धोतर बी घेऊन ठेवलं त्यायनं."

ताराचंद हा यादोरावांचा चुलतभाऊ. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या एका टोमण्याने हे सगळं सुरू झालं, तोच हा. त्याचं धोतर ऐकून यादोरावांच्या येरझाऱ्या दुप्पट वेगाने सुरू झाल्या.

मंदा, म्हणजे जिचं लग्न होतं ती, तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबूजी, मी ताराचंदकाकाच्या हातून जात नाही. तुमी बसले नाही त मी मांडवात उभी राहत नाही. मंग राहू आपन दोघं घरी. तुमी उभे, मी बसून."

पोरीची जीभ बापावर गेली होती. आणि शब्दाला पक्की असण्यातही ती बापावरच गेली होती, हेच भिण्यासारखं होतं.

झालं होतं ते असं. पंच्याहत्तर साली मोहटोलीच्या शंकरपटाचे सेक्रेटरी यादोराव होते. बैलजोड्यांची अशी शर्यत लाखनीपासून नागझिऱ्याच्या जंगलापर्यंत दुसरी नव्हती. त्या पटात एका जोडीने इतकी जोराची धाव मारली, की जोडी हाकणारा धुरकरी मागेच राहिला आणि त्याची सावली आधी पोचली. पत्रकावर तिकिटाचे दर छापले होते: बंडी पाच रुपये, जमीन आठ आणे. झाडीपट्टीतल्या पोरालाही याचा अर्थ कळत होता. आपली बैलबंडी आणायची, पाच रुपये भरून ती जोड्या पळतात त्या धावेच्या कडेला उभी करायची, बैल सोडायचे, आणि बंडीत जेवढे मावतील तेवढ्यांनी बसून पट पाहायचा. ज्याच्याकडे बंडी नाही त्याने आठ आणे देऊन मागे जमिनीवर.

पण ते पत्रक जवाहरनगरच्या पानठेल्यावरही लागलं. तिथे सरकारी कारखान्यात पुंडलिकराव शितोळे नावाचे चेकर होते. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी आणि तीन मित्रांनी सव्वा सव्वा रुपया काढून बंडीचं एक तिकीट घेतलं, रजा टाकली, आणि एस.टी.ने साकोली, तिथून पायी असे चौघे मोहटोलीला हजर झाले.

"आमची बंडी कुठंय?" पुंडलिकरावांनी तिकीट पुढे केलं.

"तुमची बंडी तुमी आनाची राहते, साहेब," यादोराव म्हणाले.

"मी कुठून आणू? आमच्याकडे बंडी अंगात घालतात. मला वाटलं, इथं काहीतरी बाकडं असेल." आणि मग, लोक ऐकताहेत म्हणून, "नाहीतर असं करा सेक्रेटरी, अंगातली तरी द्या. चाळीस नंबर लागते मला."

जमलेले दोनशे लोक हसले. त्यात मोहटोलीचेच दीडशे होते. यादोरावांचे कान तापले. "जागा बंडीची आहे. बंडी नाही त मांगं व्हा," एवढं म्हणून ते निघून गेले.

सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते चौघे बंड्यांच्या रांगेमागे उभे होते. सोडलेल्या बैलांची शेपटं सोडून त्यांना काही दिसलं नाही. कोणती जोडी जिंकली हेही त्यांना परतीच्या गाडीत कळलं.

महिन्याभरात साकोलीच्या कोर्टातून समन्स आलं. बैठकीचं तिकीट देऊन बैठक दिली नाही. तिकीट, गाडीभाडं, बुडालेला पगार आणि पायांना झालेला त्रास, असा पुंडलिकरावांचा दावा. तीन वर्षं चालला. समितीतले बाकीचे एकेक करून गळाले आणि यादोराव एकटेच तारखा करत राहिले. अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात निकाल लागला. झाडीतला रिवाज पाहता बंडीचं तिकीट म्हणजे बंडी उभी करायची जागा, बंडी पुरवणं समितीवर नाही. दावा खर्चासह नामंजूर. वादीने प्रतिवादीला खर्चाचे सत्त्याऐंशी रुपये पंचवीस पैसे द्यावेत.

कोर्टासमोरच्या जागेश्वरच्या टपरीवर चहा पिताना ताराचंद म्हणाला, "खर्चासह म्हनजे लिव्हाच्या पुरतं राहते, दादा. हे पैसे आजवरी कोनाले भेटले?"

यादोराव ताडकन बाकावरून उठले. "खर्च वसूल होतवरी यादोराव बसनार नाही."

त्यांना म्हणायचं होतं, गप्प बसणार नाही. रागाच्या भरात 'गप्प' तेवढं राहून गेलं.

"ऐकलं का सारे?" ताराचंदने टपरीभर विचारलं. "दादा बसनार नाही म्हन्ते. जागेश्वरभाऊ, बाक काढून घे बाप्पा, दादाले आता काही काम नाही त्याचं."

त्याच वेळी एक शब्द दुरुस्त केला असता तर भागलं असतं. पण हसणाऱ्यांसमोर शब्द दुरुस्त करणारा माणूस यादोराव नव्हते. चहा त्यांनी उभ्यानेच संपवला.

निकाल मिळवणं सोपं होतं, वसूल करणं वेगळं. भय्याजी वकिलांनी वसुलीची दरखास्त लावली. मग कळलं, की पुंडलिकराव राहतात भंडाऱ्याच्या हद्दीत, तेव्हा हुकूमनामा आधी तिकडच्या कोर्टात वर्ग झाला पाहिजे. तो वर्ग झाला. मग बेलिफ क्वार्टरवर गेला तर कुलूप. दुसऱ्यांदा गेला तर खाट सरकारी, टेबल सरकारी, चारही खुर्च्यांच्या पाठीवर सरकारी नंबर. भांड्यांना आणि अंगावरच्या कपड्यांना कायद्याने हात लावता येत नव्हता. पगाराला लावायचा तर नवा खर्च जुन्या खर्चाहून मोठा.

लग्नाला बारा दिवस उरले असताना भय्याजींनी यादोरावांना बोलावून बेलिफाचा तिसरा अहवाल वाचायला घेतला. "जप्तीयोग्य माल मिळून आला नाही. आतील खोलीत एक बंडी आढळली—"

"बंडी?" यादोराव दारात येरझाऱ्या घालत होते ते थांबले. "त्यायच्या क्वार्टरात बंडी आहे?"

"पुरतं ऐका, यादोरावजी—"

पण यादोराव कधीच स्टँडच्या वाटेला लागले होते. बंडी नाही म्हणून दावा लावणाऱ्याच्या घरात बंडी. चाकं कुठे उतरवली असतील, आतल्या खोलीत ती घातली कशी असेल, या विचारात ते लाखनी केव्हा गेलं हे त्यांना कळलं नाही. अहवालातलं पुढचं वाक्य, 'ती खुंटीस टांगलेली असून अंगवस्त्र असल्याने जप्त केली नाही', भय्याजी एकटेच वाचून उदास झाले.

क्वार्टरचं दार सुलोचनाबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नीने उघडलं. मागे पुंडलिकराव स्वतः उभे होते, आणि बंडी त्यांच्या अंगात होती. पांढरी, दोन खिशांची.

"बंडी कोठी आहे?" यादोरावांनी विचारलं.

पुंडलिकरावांनी आधी पाहुण्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे पाहिलं. "ही? चाळीस नंबर. तुम्ही दिली नाहीत, शेवटी शिवून घेतली."

यादोरावांना सगळं उमगायला थोडा वेळ लागला. उमगल्यावर त्यांनी मागे वळायला पाय उचलला, पण सुलोचनाबाई आडव्या आल्या. दारी आलेला माणूस चहाशिवाय परत जात नसतो, म्हणाल्या.

"बसा की भाऊ."

"मी बसत नाही, वहिनी."

"हेच का ते?" सुलोचनाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "अहो, हे खरंच बसत नाहीत?"

"तीन वर्षं," यादोराव म्हणाले. "तुमच्या घरधन्याच्या पायी."

सुलोचनाबाईंनी चहा केला. पाहुणा उभा म्हणून नवराही उभा, आणि दोघं उभे म्हणून त्याही. चार सरकारी खुर्च्या रिकाम्या आणि माणसं तीन उभी, असा तो चहा झाला.

"पैशाचं काही नाही," पुंडलिकराव मग म्हणाले. "सत्त्याऐंशी रुपये मला जड नाहीत. पण मी देणार शहाऐंशी. सव्वा रुपया कापून."

"काहून?"

"तो माझ्या वाट्याच्या तिकिटाचा. बाकीच्या तिघांनी सोडला, मी नाही सोडला. आणि पावतीवर लिहून द्यायचं, की सव्वा रुपया परत केला."

"कोर्टानं सांगितलं ना, आमची चूक नाही म्हनून?"

"कोर्टाला जेवढं दिसलं तेवढं कोर्टाने सांगितलं." पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. "सेक्रेटरी, त्या दिवशी मला बैलांच्या शेपटांमधून एकच बंडी नीट दिसत होती. समितीची. दिवसभर तिच्यात तुम्ही एकटे बसला होता. तिच्यात आणखी चार माणसं मावली असती की नसती, एवढं सांगा."

यादोरावांनी आपलाही कप खाली ठेवला. त्यांनी सुलोचनाबाईंना हात जोडले आणि निघाले. चहाचा कप घेताना टेबलावर ठेवलेला चष्मा आणि भय्याजींना द्यायला आणलेली मंदाच्या लग्नाची पत्रिका मात्र घाईत तिथेच राहिली.

त्यानंतरच्या दिवसांत यादोराव जेवढे चालले तेवढे आधीच्या तीन वर्षांत मिळून चालले नसतील. अंगणातला पाट गुडघाभर खोल गेला. मांडव घालायला आलेल्या माणसांनी एक खांब त्यातच पुरून खड्डा खणायचा त्रास वाचवला. जांभळीच्या डहाळ्या चढल्या, चुली पेटल्या, आणि यादोराव चालतच होते. पाहुणे नमस्काराला वाकले तर ते पुढे गेलेले असत, आणि आशीर्वाद पुढच्या फेरीला मिळे.

चार माणसं मावली असती. खरं तर पाच. त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. दुपारी एकदा तोंडावर आलंही होतं, या बाप्पा, इथं बसा. पण मग चाळीस नंबर आठवला आणि ते तोंड फिरवून बसले. तीन वर्षं कोर्टात त्यांना सगळं विचारलं गेलं, बंडीची लांबी, रुंदी, बैलांची संख्या. तू कुठे बसला होता, हे कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. पाय थांबत नव्हते ते शपथेमुळे की त्या बंडीमुळे, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

वैशाखात, लग्नाच्या दिवशी, सकाळी ताराचंद आंघोळ करून नवं धोतर नेसून मांडवात आला. "दादा, तुमी कायले चिंता करता? मी आहे ना," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला. मंदा आत हळद लागल्या अंगाने भिंतीला टेकून बसली होती आणि उठत नव्हती. जोशीबुवांनी दोनदा घड्याळ पाहिलं. देवकाबाईंनी काही पाहिलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या वाटेतच, दारात ठाण मांडलं होतं, त्यामुळे यादोरावांना येरझारीत एक वळसा जास्त पडत होता.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी चार अनोळखी माणसं आणि एक बाई येऊन उभी राहिली. पुंडलिकराव, त्यांचे तिघे मित्र आणि सुलोचनाबाई. सुलोचनाबाईंच्या हातात यादोरावांचा चष्मा होता.

"पत्रिका ठेवून गेलात, म्हणजे बोलावणंच समजलो आम्ही," त्या म्हणाल्या.

मांडवात बसायला तीळभर जागा नव्हती. चौघे तिथेच उभे राहिले, मागे, लोकांच्या पाठींआड. पुंडलिकरावांनी बंडीच्या खिशातून नोटा आणि एक लिहून आणलेली पावती काढली.

"शहाऐंशी आहेत. घ्यायचे तर घ्या, नाहीतर आम्ही लग्न बघून जातो. उभं राहून बघायची सवय आहे."

सगळा मांडव बघत होता. ताराचंद पुढे आला. "घेऊ नका, दादा. सव्वा रुपया कमी म्हनजे वसूल झाला नाही. शब्द म्हनजे शब्द."

यादोराव थांबले. तीन वर्षांत ते असे थांबलेले कोणी पाहिले नव्हते. त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मंदा उठून देवकाबाईंच्या मागे येऊन उभी होती आणि त्यांच्याकडे पाहत होती.

"ताराचंद," ते म्हणाले, "त्या पटाच्या दिवशी समितीच्या बंडीत मी एकटा होतो. चार मानसं सहज बसली असती. मले दिसत होतं, हे लोक उभे आहेत म्हनून. मी बोलावलं नाही. साऱ्या गावासमोर माह्यावर हसले म्हनून नाही बोलावलं. कोर्टात बी बोललो नाही."

मांडवात कोणी हसलं नाही. मागून फक्त देवकाबाई म्हणाल्या, "घ्या. तीन वर्सं बसले नाही, पन गप्प मात्र होते."

यादोरावांनी चष्मा लावला, पावती वाचली, 'सव्वा रुपया परत केला' या ओळीखाली सही केली आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बाकी पूर्ण वसूल.' मग ते टेकचंद गाडीवानाकडे वळले. "वरातीची बंडी सोडून आन. मांडवाच्या कडेले लाव. अन् बैल दूर बांध, शेपट दिसलं नाही पाह्यजे."

बंडी आली. चौघे तिच्यात चढून बसले आणि सुलोचनाबाईंना मधोमध बसवलं. खरोखरच पाच माणसं मावली. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांना लग्न असं दिसत होतं, जसं नवरदेवालाही दिसत नव्हतं.

ताराचंद नव्या धोतराचा सोगा सावरत बाजूला झाला. यादोराव कन्यादानाच्या पाटासमोर आले. त्यांनी पाठ वळवली, गुडघे वाकवले, पण गुडघे ते काम विसरले होते. जोशीबुवांनी एका खांद्यावर भार दिला, व्याह्यांनी दुसऱ्यावर, आणि असा कडकडाट झाला की मागे आचाऱ्याला वाटलं मांडवाचं आडवं मयाल मोडलं. यादोराव बसले. मंदा त्यांच्यासमोर आली, तिचा हात त्यांच्या हातात आला, आणि जोशीबुवा म्हणाले, "दक्षिणा ठेवा. सव्वा रुपया."

यादोरावांनी खिसे चाचपले. शहाऐंशी रुपये होते, सगळ्या दहाच्या नोटा आणि सहा एकाच्या. चार आणे नव्हते. बंडीतून पुंडलिकरावांनी हात लांब केला. हातावर एक रुपया आणि एक चार आण्यांचं नाणं होतं.

"हा उसना," ते म्हणाले. "दावा लावणार नाही."

कन्यादान झालं, फेरे झाले, पंगती उठल्या, वरात जायची वेळ झाली, तरी यादोराव पाटावरच होते. उठता येत नव्हतं. दोर घरात, खाटेवर. शेवटी बंडीतले चौघे खाली उतरले, पाटाचे चार कोपरे चौघांनी धरले, आणि मोहटोलीच्या सेक्रेटरींना बसल्या बसल्या उचलून वेशीपर्यंत पोरीच्या बंडीमागून नेलं. यादोराव वरून सांगत होते, डावीकडे खड्डा आहे, सांभाळा. आणि मंदा वळून बघत होती, बाबूजी बसले आहेत ना ते.